कृष्णाकांठचीं हरणें

उत्तर अमेरिकेच्या रानांत एक हरीण आहे. त्याची शेपटी वरून तपकिरी आणि खालून अगदीं पांढरीशुभ्र असते. संकटाची चाहूल लागतांच तें ती शेपटी उभारून पळत सुटतें आणि मागून पाहणाऱ्याला झाडांच्या अंधारांत एक पांढरें निशाण तेवढें हालतांना दिसतें. म्हणून तिकडील लोकांनीं त्याला पांढऱ्या शेपटीचें हरीण हेंच नांव ठेविलें. हें निशाण कोणासाठीं उभारलेलें असतें याविषयीं प्राणिशास्त्रज्ञांत एकमत नाहीं. कोणी म्हणतात, मागच्या पाडसानें वाट चुकूं नये म्हणून. कोणी म्हणतात, “तुला मीं पाहिलें आहे, आतां पाठलाग करण्यांत अर्थ नाहीं” असें तें लांडग्याला बजावीत असतें.

युरोपांतील लोक अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हां या हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास असावी असा अंदाज आहे. पुढें कातडीं आणि मांस यांचा बाजार सुरू झाला, अरण्यें तुटलीं, बंदुका सुधारल्या. आणि १९०० च्या सुमारास तीं सारीं मिळून पांच लाखांपेक्षांहि कमी उरलीं. तेव्हां कोठें त्या लोकांचे डोळे उघडले. चोरून मारलेल्या सावजाचा एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत होणारा व्यापार १९०० सालच्या लेसी कायद्यानें बंद केला. १९३७ सालच्या दुसऱ्या एका कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या कामीं लावून दिलें. याचा परिणाम असा झाला कीं तीं हरणें आज पुन्हां तीन कोटींच्या घरांत गेलीं आहेत. मध्यंतरीं लांडगा आणि प्यूमा हे त्यांचे वैरी बहुतेक प्रदेशांतून नाहींसे झाले होते. त्यामुळें हरीण वांचलें खरें, परंतु आतां तें मक्याचीं शेतें खातें, घरांमागील बागा खातें, रात्रीं मोटारींपुढें उडी घेतें, आणि अरण्यांतील कोंवळीं रोपें खाऊन नवें झाड वर येऊं देत नाहीं.

हीच कथा, पुष्कळच लहान प्रमाणावर, आपल्या कृष्णेच्या कांठीं घडलेली आहे. आणि तिच्या शेजारीं दुसरी एक कथा आहे, ती पांढऱ्या शेपटीची नसून काळ्या शेपटीची आहे. तिचा शेवट मात्र अद्यापि लागलेला नाहीं. या दोन्ही कथा आज मला आपल्यापुढें ठेवावयाच्या आहेत.

सातारा आणि सांगली हे जिल्हे आज निराळे दिसतात. परंतु सांगलीचा पुष्कळसा मुलूख १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच मोडत असे. त्या सालीं, संस्थानांच्या विलीनीकरणानंतर, दक्षिण सातारा हा जिल्हा निघाला व १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. प्राण्यांना अर्थातच या वांटणीची वार्ता नाहीं. त्यांची वांटणी पावसानें केली आहे. महाबळेश्वरीं वर्षाला पांच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस माणदेशांत आणि आटपाडींत उतरावें तर तो पांचशेच्या आसपास येऊन ठेपतो, आणि कित्येक वर्षीं तेवढाहि पडत नाहीं. अवघ्या शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या अंतरांत दहापटीचा हा फरक! पश्चिमेस घाटमाथ्याचें दाट रान, मध्यें कृष्णा-कोयनेची काळी जमीन, आणि पूर्वेस कुसळी गवताचे व बोरी-बाभळींचे माळ. या तीन पट्ट्यांत तीन प्रकारचीं हरणें राहत आलीं आहेत. निदान राहत होतीं.

येथें शब्दाविषयीं थोडें बोललें पाहिजे, कारण ‘हरीण’ हा शब्द आपण फार सैल वापरतों. संस्कृतांत मृग म्हणजे मुळांत कोणतेंहि रानटी जनावर. म्हणूनच शिकारीला मृगया म्हणतात आणि सिंहाला मृगेंद्र. पुढें तो शब्द हरणावर येऊन स्थिरावला. आज शास्त्रज्ञ ज्यांना सामान्य बोलण्यांत हरणें म्हणतात त्यांचीं दोन निरनिराळीं कुळें मानतात. एक खरें मृगकुळ. यांतील नराचीं शिंगें भरीव हाडाचीं असतात, त्यांना फांटे फुटतात, आणि ठराविक काळानें तीं मुळापासून झडून पुन्हां नवीं येतात. नवें शिंग उगवतांना त्यावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते, तिच्यांतून रक्त खेळत असतें. शिंग पक्कें झालें कीं ती कातडी वाळते आणि नर ती झाडाच्या खोडावर घांसून काढून टाकतो. सांबर, चितळ, भेकर हे या कुळांतले. अमेरिकेंतील पांढऱ्या शेपटीचें हरीणहि यांतलेंच. आपल्या वैद्यांना सांबरशिंग ठाऊक असतें तें यामुळेंच कीं तें रानांत पडलेलें सांपडतें, त्यासाठीं जनावर मारावें लागत नाहीं.

दुसरें कुळ गाई-शेळ्यांचें. यांतील ज्या रानटी जातींना कुरंग म्हणतात त्यांचें शिंग पोकळ वेष्टणाचें असतें, आंत हाडाचा गाभा असतो. त्याला फांटा फुटत नाहीं आणि तें जन्मभर झडत नाहीं. काळवीट, चिंकारा आणि चौसिंगा हे कुरंग होत. मुंजींत बटूच्या अंगावर जें मृगाजिन घालीत तें बहुधा या काळविटाचें असे. ज्या जनावराशिवाय एक संस्कार पुरा होत नसे तें नेमक्या कोणत्या कुळांतलें आहे याची चौकशी आपण कधीं केली नाहीं, हें खेदाचें असलें तरी नवलाचें नाहीं.

आतां पश्चिमेकडून निघूं. घाटमाथ्याचा राजा सांबर. हिंदुस्थानांतील मृगकुळांत याच्याएवढें मोठें जनावर दुसरें नाहीं; खांद्याशीं उंची साडेचार-पांच फूट, वजन अडीचशे-तीनशे किलोपर्यंत. कळपांत राहण्याची त्याला आवड नाहीं. दिवसां तो करवंदीच्या जाळींत किंवा एखाद्या घळींत पडून असतो आणि रात्रीं चरावयास निघतो. धोक्याची शंका आली कीं तो पुढचा पाय जमिनीवर आपटतो, शेपटी उभी करतो, आणि भोंग्यासारखा एकच मोठा आवाज काढतो. तो आवाज ऐकला कीं आसपासचें सारें रान कान टवकारतें. सातारा शहराच्या पश्चिमेस यवतेश्वराच्या डोंगरालगत सांबरवाडी नांवाचें गांव आहे. त्या नांवानें सांबर एके काळीं शहराच्या किती जवळ होता हें सांगितल्यासारखें वाटतें.

सांबराच्या सोबतीला भेकर. हें शेळीएवढें, तांबूस, एकलकोंडें जनावर. नराला आंखूड शिंगें आणि वरच्या जबड्यांत बाहेर आलेले दोन सुळे. भुंकतें अगदीं कुत्र्यासारखें. त्याहूनहि लहान पिसोरी. उंचीला जेमतेम एक फूट, वजनाला दोन-चार किलो, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. हिला शिंगें मुळींच नसतात. शास्त्रज्ञ तिला खऱ्या मृगकुळांतहि बसवीत नाहींत, तिचें एक निराळेंच प्राचीन कुळ मानतात. कोयनेच्या खोऱ्यांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांपैकींहि फार थोड्यांनीं ती डोळ्यांनीं पाहिलेली असते.

या सर्वांचा वैरी वाघ, बिबट्या, आणि विशेषेंकरून कोळसुंदा. हे तांबडे रानकुत्रे टोळीनें सांबराला उठवितात, आणि दमलेला सांबर पुष्कळदां पाण्यांत शिरून उभा राहतो. पाण्यांत त्याचे पाय टेकतात, कुत्र्यांचे टेकत नाहींत. तेथें तो शिंगांनीं व पुढच्या पायांनीं झुंज देतो. कांहीं वेळां त्यांतून सुटतोहि.

घाटावरचीं हीं जनावरें टिकलीं तीं अवघड मुलुखामुळें. पुढें कोयनेवर धरण झालें, वारणेवर चांदोलीचें धरण झालें, आणि १९८५ सालीं दोन्ही ठिकाणीं अभयारण्यें जाहीर झालीं. २००४ सालीं चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० सालीं दोन्ही मिळून सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प झाला. धरणांमुळें आणि अभयारण्यांमुळें जीं गांवें उठलीं त्यांचीं भातखाचरें व नाचणीचीं वरकसें गवतानें भरून गेलीं, आणि सांबर व गवा आज तेथें चरतात. सांबराला मिळालेलें हें कुरण कोणाचें तरी शेत होतें, आणि त्या शेताच्या धन्याला नव्या ठिकाणीं घर व जमीन मिळण्यास कित्येक वर्षें खेटे घालावे लागले, हें या इतिहासांतून वगळणें बरोबर होणार नाहीं.

पूर्वेकडील माळांचा इतिहास अगदीं निराळा आहे. तेथें दडून बसावयास जागा नाहीं. काळवीट आणि चिंकारा यांचा सारा भरंवसा डोळ्यांवर आणि पायांवर. काळविटाचा पूर्ण वाढलेला नर पाठीवर काळाभोर, पोटाशीं पांढरा, पिळदार शिंगांचा. त्याच्या इतकें देखणें जनावर आपल्या देशांत दुसरें नाहीं असें माझें मत आहे. ताशीं ऐंशीं किलोमीटरांच्या वेगानें तें धांवूं शकतें, आणि धांवतां धांवतां मध्येंच कारण नसतांना उंच उड्या घेतें. चिंकारा त्याहून लहान आणि बुजरा, वाळूच्या रंगाचा. पाण्यावांचून तो फार दिवस काढतो, झाडपाल्यांतील ओलावा व पहांटेचें दंव त्याला पुरतें. माणदेशासारख्या प्रदेशाला याहून योग्य जनावर निर्माण करतां आलें नसतें.

या चिंकाऱ्याचें शास्त्रीय बारसें आपल्याच दख्खनच्या पठारावर झालें, ही गोष्ट आपल्यापैकीं फारच थोड्यांना ठाऊक असेल. मुंबई सरकारनें १८२४ सालीं कर्नल विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची पाहणी करून आंकडेवार माहिती जमविण्याच्या कामावर नेमलें. हा गृहस्थ पिकें, वजनें-मापें, जमीनमहसूल यांच्या जोडीला पक्षी, मासे आणि जनावरें यांचीहि टिपणें करीत हिंडला. दख्खनमधील सस्तन प्राण्यांची त्याची यादी १८३१ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेनें छापली. तींत त्यानें आपल्या कोळसुंद्याचें वर्णन केलें आहे, आणि एका लहान कुरंगाला त्या संस्थेचा चिटणीस बेनेट याचें नांव दिलें आहे. तो कुरंग म्हणजे चिंकारा. आजहि जगभर त्याच्या शास्त्रीय नांवापुढें साइक्सचें नांव आणि १८३१ हें साल लिहितात. मराठे लोक त्याला काय म्हणतात हेंहि साइक्सनें नोंदविलें: काळशिपी, म्हणजे काळ्या शेपटीचें. अमेरिकन शेतकऱ्यानें जसें आपल्या हरणाला पांढऱ्या शेपटीवरून ओळखलें, तसें आमच्या धनगरानें आपल्या हरणाला काळ्या शेपटीवरून ओळखलें होतें. चिंकारा उभा असतांना त्याची ती आंखूड काळी शेपटी एकसारखी हालत असते. पिवळ्या गवतांत डोळ्यांत भरते ती तेवढीच.

हा शब्द आज माणदेशांत ऐकूं येत नाहीं. जनावर दुर्मिळ झालें आणि नांव त्याच्याहि आधीं गेलें.

जनावर कां दुर्मिळ झालें? शिकारीमुळें, हें उत्तर अर्धें खरें आहे. शिकारीचा नाद या मुलुखाला जुना आहे. सातारच्या गादीवर १७०८ पासून १७४९ पर्यंत राहिलेले शाहू महाराज शिकारीचे मोठे षोकी होते. वाघाच्या तोंडून धन्याला वांचविणाऱ्या त्यांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि संगम माहुलीस अजून दाखवितात. पुढें ब्रिटिश अमदानींत औंध, फलटण, जत, सांगली, मिरज अशीं संस्थानें या दोन जिल्ह्यांच्या अंगांत जागोजाग पसरलेलीं होतीं. शेजारच्या कोल्हापूर संस्थानांत तर शिकवून तयार केलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरण्याचा खेळ विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकानंतरहि चालू होता. डोळ्यांवर झांपड बांधलेला चित्ता गाडीवर बसवून कळपाजवळ नेत, झांपड काढीत, आणि पुढचे कांहीं क्षण काय तो खेळ. पहिल्या झेपेंत काळवीट हातीं लागला तर लागला, नाहीं तर चित्ता दमून खालीं बसे. देशांतले चित्ते संपत आले तेव्हां ते आफ्रिकेंतून आणावे लागले. १९४७ सालीं मध्य हिंदुस्थानांतील कोरिया संस्थानांत शेवटचे तीन चित्ते मारले गेले, आणि १९५२ सालीं हें जनावर या देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें.

परंतु राजेरजवाड्यांच्या हौसेनें काळवीट संपला नाहीं. त्यांना शिकार हवी होती म्हणून ते आपल्या कुरणांत निदान दुसऱ्याला मारूं देत नसत. खरा संहार झाला तो संस्थानें गेल्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत, जेव्हां जीप गाडी आणि तिच्यावरचा प्रखर दिवा कोणाच्याहि हातीं आला. रात्रीं डोळे दिपलेलें हरीण जागच्या जागीं उभें राहतें. त्याला मारण्यास नेमबाजीहि लागत नाहीं. मुंबई राज्यानें १९५१ सालीं वन्य प्राण्यांसाठीं कायदा केला, १९७२ सालीं सर्व देशाचा कायदा झाला आणि काळवीट, चिंकारा व चौसिंगा यांना त्यांत सर्वांत कडक संरक्षण मिळालें. तोंवर कृष्णाकांठचे कळप इतिहासजमा झाले होते.

आणि शिकारीपेक्षांहि मोठें कारण म्हणजे गवत गेलें. जमीन नांगराखालीं आली. जी नांगरतां येत नव्हती तिला पडीक ठरवून तिच्यावर झाडें लावण्याचा उत्साह आला. उघड्या माळाला ओसाड समजण्याची आपली खोड फार जुनी आहे. ज्या जमिनीवर झाड नाहीं ती बिघडलेली जमीन, आणि तिच्यावर सुबाभूळ वा निलगिरी लावली कीं ती सुधारली, असा समज सरकारी दप्तरांपासून शाळांतील निबंधांपर्यंत पसरलेला होता. काळविटाला दाट झाडी ही भिंतीसारखी वाटते. तेथें तो दूरवर पाहूं शकत नाहीं, धांवूं शकत नाहीं. झाडें लावून आपण त्याच्यासाठीं रान वाढवीत आहों असें ज्यांना वाटलें त्यांचा हेतु चांगलाच होता.

या पार्श्वभूमीवर सागरेश्वराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कडेगांव, वाळवें आणि पलूस हे तालुके जेथें मिळतात तेथें हा डोंगर आहे. पायथ्याशीं यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव देवराष्ट्रें, पलीकडे कुंडल आणि किर्लोस्करवाडी. वर महादेवाचें प्राचीन देऊळ आणि भोंवतीं लहान देवळांचा समूह. डोंगर एके काळीं बोडका झालेला होता. मोहित्यांच्या वडगांवचे धों. म. मोहिते या गृहस्थांनीं येथें झाडें लावण्याचा आणि जनावरें आणण्याचा ध्यास घेतला, गांवकऱ्यांना व वनखात्याला मागें लागून त्यांना या कामांत ओढलें, आणि १९८५ सालीं हा डोंगर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र अवघें १०.८७ चौरस किलोमीटर. येथें वाहतें पाणी बारमाही नाहीं. पाणवठे माणसानें बांधून भरावे लागतात. सांबर, चितळ, काळवीट हीं जनावरें बाहेरून आणून सोडलेलीं, भोंवतीं कुंपण घातलेलें. माणसानें हातानें घडविलेलें अभयारण्य म्हणून त्याची कीर्ति झाली आणि ती योग्यच होती. ज्या कृष्णाकांठीं हरीण चित्रांतच उरलें होतें तेथें शाळकरी मुलांना ठिपक्यांचा कळप डोळ्यांसमोर पळतांना दिसूं लागला, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु जनावरें वाढलीं. वाढणारच! चितळाची मादी वर्षाकांठीं साधारण एक पाडस देते. अन्न पुरेसें असेल आणि मारणारा कोणी नसेल तर असा कळप तीन-चार वर्षांत दुप्पट होऊं शकतो. कुंपणाच्या आंत तरस होते, कोल्हे होते, पण वाघ नव्हता, कोळसुंद्यांची टोळी नव्हती. परदेशांत याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. १९३४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत वस्ती केलेल्या फिनलंडच्या लोकांनीं मायदेशाला पांढऱ्या शेपटीचीं मोजकीं पाडसें भेट म्हणून पाठविलीं. त्यांतून जगलेल्या चार-पांच जनावरांची प्रजा आज लाखाच्या घरांत आहे. आपलें चितळ १९३२ सालीं टेक्सास संस्थानांत नेऊन सोडलें, तें तेथें आतां पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्याच तोंडचा चारा खातें. आपला सांबर १८६० नंतर ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत गेला आणि तेथील रानांत उपद्रवी ठरला. शत्रूवांचून हरीण कोठेंहि नेलें तरी तें हेंच करतें. त्यांत हरणाचा दोष नाहीं.

सागरेश्वराच्या कुंपणाबाहेर तर उसाचा मुलूख. ताकारीच्या उपसा योजनेनें कृष्णेचें पाणी वर चढविलें आणि जेथें पूर्वीं पावसाळी ज्वारीचें पीक मुश्किलीनें येई तेथें ऊस आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. आंत उन्हाळ्यांत वाळलेलें गवत, बाहेर बारा महिने हिरवें रान. कुंपण जेथें तुटलें असेल तेथून सांबर रात्रीं बाहेर पडतो, पोटभर खातो, खातो त्याहून अधिक तुडवितो, आणि उजाडण्यापूर्वीं परत जातो. सकाळीं शेतकरी बांधावर येऊन पाहतो तेव्हां पंचनामा आणि नुकसानभरपाईचा अर्ज एवढेंच त्याच्या हातीं असतें. या शेतकऱ्याला वन्यप्राण्यांचा द्वेष्टा म्हणणाऱ्यांविषयीं मला फारसा आदर वाटत नाहीं. अभयारण्यासाठीं झाडें लावणाऱ्यांत त्याचाच बाप असण्याचा संभव आहे.

यावर तोड निघाली ती अशी: सागरेश्वरांत जनावरें जादा आणि चांदोलींत वाघाला भक्ष्य कमी, तर इकडचीं तिकडे न्यावीं. योजना वनखात्यानें आंखली. ऐकावयास सोपी, करावयास अवघड. कारण चितळाला जाळ्यांत धरलें तर तें भीतीनेंच मरतें. त्यासाठीं आफ्रिकेंत निघालेली एक युक्ति वापरतात. कापडाच्या उंच भिंतींची नरसाळ्यासारखी वाट करावयाची, रुंद तोंड रानाकडे, अरुंद टोंक मालमोटारीच्या दाराशीं. जनावर चरत चरत आंत येतें, मागें पडदा पडतो, आणि माणसाचा हात न लागतां तें गाडींत चढतें. चांदोलीस तें प्रथम बंदिस्त कुरणांत राहतें, नंतर मोकळ्या रानांत. अर्थात् घाटमाथ्याचें अतिवृष्टीचें रान हें चितळाचें आवडतें घर नव्हे. तें उठून गेलेल्या गांवांच्या गवताळ खाचरांत रमतें. सांबराची गोष्ट वेगळी, तो तेथलाच. २०२५ च्या नोव्हेंबरांत ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीस आणली गेली. कृष्णेच्या खोऱ्यांत उसावर पोसलेल्या कुळाची एखादी शाखा आतां वारणेच्या खोऱ्यांत वाघाचें भक्ष्य होईल. मला हें क्रूर वाटत नाहीं. सांबराचे कान, त्याची रात्रींची चाल, पाण्यांत उभें राहून झुंजण्याची त्याची रीत, हें सारें ज्यानें घडविलें त्याच्याकडेच तो परत जात आहे.

येथवर जें झालें तें एका दृष्टीनें यशच. पण ज्यांसाठीं एवढा खटाटोप झाला तीं मुख्यतः रानांतलीं हरणें. चितळ तर सागरेश्वरीं पाहुणाच. कृष्णेच्या पूर्वेचा खरा रहिवासी माळावरचा काळवीट आणि काळ्या शेपटीचा चिंकारा. काळवीट कुंपणांत तरी आला. चिंकाऱ्यासाठीं या दोन जिल्ह्यांत सागरेश्वरासारखें कांहीं उभें राहिलें नाहीं. शेजारच्या पुणें जिल्ह्यांत सुप्याजवळ मयूरेश्वर येथें त्याच्यासाठीं १९९७ सालीं छोटेंसें अभयारण्य झालें. इकडे तो माण-खटावच्या माळांवर विखरून, दोघे-तिघे मिळून, जमेल तसा राहतो. त्याच्या बाजूनें उभें राहिलेलें कोणी असेल तर तो मेंढपाळ. त्याच्या मेंढ्यांना उघडें गवत लागतें, म्हणून तेवढा माळ उघडा राहिला. लांडगाहि तेथेंच आहे. पूर्वीं तो काळविटावर जगे, आतां त्याच मेंढपाळाच्या कळपावर जगतो, आणि मेंढपाळ त्याचीहि शिव्या देत देत पाठराखण करतो. आटपाडीस २०२३ सालीं माळाचा एक तुकडा संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला तो लांडग्याच्या नांवानें. त्या गवतांत चिंकाऱ्यालाहि आसरा मिळेल.

दरम्यान कऱ्हाडजवळच्या टेंभूहून कृष्णेचें पाणी पूर्वेकडे चढत चढत खानापूर, आटपाडी, कवठें महांकाळ आणि माण-खटावकडे चाललें आहे. ज्यांच्या आजोबांनीं दुष्काळांत गुरें छावणीवर बांधलीं आणि स्वतः मुंबईस गिरणींत गेले त्यांच्या शेतांत आतां डाळिंब व ऊस दिसतो. हें पाणी थांबावें असें म्हणण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. पण पाणी जेथें पोंचेल तेथला माळ फार दिवस माळ राहणार नाहीं; आणि कोणता तुकडा नांगरावयाचा व कोणता गवताखालीं ठेवावयाचा हें ठरविण्यास पाटानंतर नव्हे, पाटाआधीं बसावें लागतें. सागरेश्वरीं एका माणसाच्या ध्यासानें बोडक्या डोंगरावर रान आणि त्यांत हरणें आलीं. माणदेशांत आणण्याचें कांहींच नाहीं. हरीण आहे, गवत आहे. गांवच्या दप्तरांत मात्र त्या जमिनीच्या नांवापुढें अजून ‘पोटखराबा’ हाच शब्द लिहिलेला असतो.